बिलबुकाची गुलाबी प्रत

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला
दुधगी सर ती इंग्रजी कादंबरी शिकवायचे.
'इस्टेट' शब्दापाशी थांबून म्हणायचे,
याचं मराठी मला विचारू नका, ते इस्टेटच आहे.
वर्ग हसायचा.
मागच्या बाकावर आम्ही तिघी,
बोटांना तंबाखूचा वास,
नखांत तेंदूच्या पानाचा चुरा.

त्या पुस्तकात माणूस दारात यायच्या आधी
त्याचं वर्षाचं उत्पन्न यायचं.
मला त्यात नवल वाटलं नाही.
आमच्या साखर पेठेतही पोराचं नाव नंतर,
आधी माग किती,
स्वतःचे की भाड्याचे.

नवल वाटलं ते दुसरंच.
पानंच्या पानं त्या मुली
मलमलीच्या झग्यांत फिरतात, नाचतात, रुसतात,
आणि मागाचा खडखडाट
एकाही पानावर ऐकू येत नाही.
मी पेन्सिलीने समासात लिहिलं:
विणलं कोणी?
ग्रंथपालांनी दोन रुपये दंड घेतला.

मल्लिनाथ उळागड्डे, सूतवाल्यांचा धाकटा,
आमच्या नायनांना उधारीवर सूत पोचवायचा.
लुनावरून यायचा.
मी दारात असले की कोन मोजताना चुकायचा,
आणि चुकायचा नेहमी आमच्याच बाजूने.
नायना जास्तीचे दोन कोन परत पाठवायचे.
तेवढ्यावर चाललं होतं आमचं,
प्रेम म्हणा, हिशेब म्हणा.

मग त्याने पत्र लिहिलं.
दुकानात बसून, हाताशी होतं त्या बिलबुकावर,
आणि खालचा कार्बन काढायला विसरला.
पांढरी प्रत मला आली.
गुलाबी प्रत राहिली
चाळीस किलो सूत आणि मागील बाकी यांच्या मधोमध.
महिनाअखेर टोटल मारताना
ती त्याच्या वडिलांनी वाचली.

आठवड्याच्या आत नीलांबिका अत्त्या आल्या, रिक्षाने.
कपाळावर विभूती, गळ्यात चांदीची करडगी.
अम्माने घडीची चादर अंथरली.
अत्त्या बसल्या, आणि तोंड उघडायच्या आधी
त्यांचा अंगठा काठावरून आपोआप फिरला.
"रंग पक्का आहे," म्हणाल्या,
आणि स्वतःवरच चिडल्या.

"दिवसाला किती वळता?"
"हजार."
"आणि पोरगी?"
"आठशे. कॉलेज आहे ना."

मग आलेलं काम सांगितलं त्यांनी.
जात, भाषा, आमच्या चुलीवरचं मटण,
दुकानाच्या पाटीवरचं आजोबांचं नाव,
सगळं ओळीने, पाठ केल्यासारखं.
अम्माच्या मांडीवरचं सूप हललं नाही.
विडीला दोरा गुंडाळत
मोडक्या मराठीत ती म्हणाली,
"बाई, मागणं घेऊन आम्ही नाही आलो.
रिक्षा तुमची उभी आहे."

कादंबरीतली मुलगी अशा वेळी
केवढं नेमकं बोलली असती.
मला काहीच सुचलं नाही.
मी सूप पुढ्यात ओढलं
आणि छाट निघालेल्या विड्या वेगळ्या करत बसले.

त्या पुस्तकात लग्न लागलं की पुस्तक संपतं.
पुढचा भाग सिलॅबसला नव्हता.
पुढे रजिस्टर ऑफिस होतं, सात वर्षं बंद दोन दारं होती,
परक्याच्या दुकानात बिलं फाडणारा मल्लिनाथ होता,
एका भगुन्यावरून झालेली भांडणं होती,
जी खरं तर भगुन्यावरून नव्हती.

अत्त्या आता आमच्याकडे असतात.
इस्टेटीच्या वाटण्या झाल्या तेव्हा
त्यांना कोणी धरलंच नव्हतं.
येताना पिशवीत दोन लुगडी
आणि घडी घातलेली ती गुलाबी प्रत.
का ठेवली होती, मी विचारलं नाही.

हल्ली त्यांना माणसं ओळखू येत नाहीत.
दुपारी चादरीच्या काठावरून अंगठा फिरवत विचारतात,
"किती झाल्या गं?"
मी पेपर तपासत असते.
"आठशे," म्हणते.
त्या मान डोलावतात,
अम्माची बाजू घेतल्यासारखं म्हणतात,
"कॉलेज आहे ना."