रीताबेन

सी फॉर्म मीच भरला, निळ्या शाईने,
कारण घर माझ्या नावावर आहे
आणि परदेशी माणूस नुसता भाड्याने राहत नाही,
कुणाला तरी त्याची हमी घ्यावी लागते.
नाव : रीत्ता कोस्किनेन. देश : फिनलंड.
येण्याचा उद्देश : मकरपुऱ्याच्या कारखान्यात
पंपांतून काही गळतंय का, ते बघणं.
एवढी जागा नव्हती. मी 'नोकरी' लिहिलं.

पहिला महिनाभर ती सगळ्यांना सांगायची,
माझ्या नावात दोन त आहेत, जोडून.
दूधवाला म्हणायचा, हो हो, रीताबेन.
दिवाळीच्या सुमाराला मी जिन्यात ऐकलं,
ती कुरिअरवाल्याला फोनवर सांगत होती,
"रीताबेन बोलुं छुं, दांडिया बाजार."
त्या संध्याकाळी मी तिला शेव-उसळ खायला नेलं.
अभिनंदन म्हणून की सांत्वन म्हणून,
अजून ठरवलेलं नाही.

तिला मतं फार. चपला काढता काढता सांगते.
तुमचा चहा म्हणजे पातळ केलेली मिठाई.
तुमच्या घड्याळांना मिनिटकाटा कशाला?
तुमचे लोक पगार विचारतात, वय विचारतात, नवरा कुठाय विचारतात,
पण 'जेवलीस का' विचारून उत्तराला थांबत नाहीत.
मी म्हटलं, थांबतात. तूच फार वेळ लावतेस.
तिने यावर विचार केला. खरोखरच केला.
हे झालं मंगळवारी.
गुरुवारी वरून खाली आली आणि म्हणाली, "बरोबर आहे."

दोघींचंही इंग्रजी उसनं,
त्यामुळे भांडताना कुणाचंच घर जवळ नसतं.

विश्वामित्रीला पूर आला तेव्हा
टॉर्च घेऊन मगर बघायला गेली, एकटी.
रावपुऱ्यात रस्ता ओलांडताना मात्र
माझा दंड असा धरते की नखं उमटतात.
मगर कुठून येणार ते पाण्याकडे बघून कळतं, म्हणते.

एकदा म्हणाली, या गावात सगळंच गळतं.
मी म्हटलं, तुला पगार त्याचाच मिळतो.
नऊ दिवस जिना गप्प.
दहाव्या दिवशी ताटलीभर गोड पाव घेऊन दारात,
बुडाला थोडे करपलेले, आत वेलदोडा.
मी म्हटलं, हा तर आमचा वास.
ती म्हणाली, नाही, माझ्या आईच्या ओव्हनचा.
मग दोघींनी एकेक पाव निमूट खाल्ला,
आपापल्या मालकीचा.

मे महिन्यात पुण्याला लग्नाला गेले होते.
नवरीच्या मावशीला म्हटलं, फोन करीन, चोक्कस.
पंगतीत हसू पसरलं, वाईट नव्हतं, तुपासारखं होतं.
"किती गोड बोलता! मुळच्या गुजराती ना तुम्ही?"
पणजोबा संस्थानच्या खजिन्यात कारकून होते,
तेव्हापासून आम्ही बडोद्याला. चार पिढ्या.
आणि इथे भाजीवाली अजून भाव करताना म्हणते,
"तमे मराठी लोको..."
वाक्य कधी पुरं करत नाही. कोथिंबीर मात्र फुकट घालते.

हे सगळं मी रीत्ताला गच्चीवर सांगितलं,
कांद्याची पात निवडता निवडता.
ती काही बोलली नाही.
गप्प बसण्यात तिचा देश फार पुढारलेला आहे.
खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती,
किक, किक, शिवी, किक.
बऱ्याच वेळाने तिने विचारलं,
"मग तुझा फॉर्म कोण भरतं?"

मी हसले. उत्तर दिलं नाही.
शनिवार होता तो. आज सोमवार.
ती पात अजून उलट्या टोकाने सोलते,
हिरवं टाकते, मुळं ठेवते.
मी केराच्या डब्यातून हिरवं परत काढते, धुते.
तिचा व्हिसा मार्चपर्यंत आहे.