नेम

नकाशावर वाचलं तर बाजा,
तिकीटखिडकीतली बाई म्हणाली, बॉयॉ.
सुटे पैसे मोजता मोजता
दोनदा दुरुस्त केलं तिनं मला,
तिसऱ्यांदा सोडून दिलं.

चौकाच्या तीन बाजूंना इमारती,
चौथी बाजू पाण्याला दिलेली.
खरी डॅन्यूब नव्हे ही, तिचा फाटा, शुगोवित्सा,
थोरल्या घरातून वेगळी निघालेली,
कुणाशी न भांडता.

सकाळी एतेल्कानं तिचं वाचनालय दाखवलं.
उंच खांब, आत गारवा, जुन्या कागदाचा वास.
हे सिनॅगॉग होतं, म्हणाली.
चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात माणसं नेली,
परतली ती थोडकी,
आणि इमारत कशाची तरी वाट बघत राहिली
पुस्तकं येईपर्यंत.
दगडावर नावं आहेत.
कुलूप काढण्याआधी ती रोज एक वाचते, मोठ्यानं.
एकच.
यादी संपली की? मी विचारलं.
तिनं किल्ल्या पिशवीत टाकल्या.
दोनदा संपली, म्हणाली.

दुपारी काठावर तिचा भाऊ, बार्दोश वेन्डेल.
आडनाव आधी, मग नाव,
शाळेच्या हजेरीपटासारखं.
लोखंडी तिवई, काळा हंडा, बाभळीसारखं काटेरी लाकूड.
किलोभर माशाला लिटरभर पाणी, एक कांदा,
चमचाभर लाल तिखट.
बाकीच्या सगळ्या गप्पा, तो म्हणाला,
आणि तासभर त्या गप्पाच मारल्या:
कुणाच्या बापानं केवढा कार्प धरला,
कुणाचा जावई टोमॅटो घालतो,
घालू दे, देव बघतोय.

पाणी तांबडं झालं,
फेस काठापर्यंत आला, बघून परत गेला.
वेन्डेलनं फडक्यात कान धरून
हंडा अर्धा इकडे फिरवला, अर्धा तिकडे,
झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तसा.

मला राहवलं नाही.
पळी हाताशी होती,
आणि उकळी दिसली की हात फिरतो,
त्याला विचारावं लागत नाही.

नेम!
तो ओरडला.

नेम म्हणजे त्यांच्यात नाही.
आमच्यात नेम म्हणजे जो धरायचा,
धरला की मोडायचा नाही.
मी एका फिरकीत
दोन्ही भाषांतला घालवला होता.
मासा तुटला. काटे सुटले रश्शात.
शेजारच्या हंड्यांवरची माणसंसुद्धा
आमच्याकडे बघायची थांबली, सौजन्य म्हणून.

बराच वेळ फक्त जाळ बोलत होता.
मग एतेल्का म्हणाली, यागाही ढवळायची.
वेन्डेलनं मान हलवली.
सबदकाहून आणली होती, हद्दीपलीकडून.
पहिलं वर्षभर रोज तोडायची मासा.
नंतर?
नंतर शिकली, तो म्हणाला,
आणि धूर नसलेल्या बाजूला बसूनही
डोळे पुसले.
गेल्या मार्चपासून कुणी ढवळलं नव्हतं.

शेवया वेगळ्या उकडलेल्या, काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या,
त्यांवर तो लाल रस्सा, बशीत चुकार तुकडे.
बोरासारखी गोल मिरची त्यानं माझ्यापुढे सरकवली,
जपून, असं खुणेनं सांगत.
मी अख्खी खाल्ली.
पहिल्यांदाच हसला.
मासा धड असता तर उठलो असतो लवकर.
काटे निवडत निवडत
अंधार झाला, पलीकडची बेटावरची झाडं गेली,
मग पलीकडचा काठच गेला.

बस साडेआठची होती.
आठला एतेल्का दगडापाशी उभी, किल्ल्या हातात.
आजचं तू, म्हणाली.
मी बोट ठेवून वाचलं,
आडनाव आधी, मग नाव.
दोनदा दुरुस्त केलं तिनं मला.
तिसऱ्यांदाही सोडलं नाही.