उरलेला स्क्रू

पहिल्या दुकानात काच, गारवा, फुकटची कॉफी.
लॅपटॉप न उघडताच पोरगा म्हणाला,
मदरबोर्ड गेला. चारशे लारी.
नाडी न बघता
तिरडीचा भाव सांगावा, तसं.

दुसऱ्यानं आधी पासवर्ड मागितला.
नानुलीनं झाकण मिटलं.
आत नवऱ्याची पत्रं होती, आणि बेकरीची उधारी;
यातलं जास्त खाजगी काय,
तिलाही सांगता आलं नसतं.

गुरामच्या दुकानाला पाटीच नाही.
तिबिलिसीच्या बाजारामागं, चार पायऱ्या खाली.
काय झालंय याला?
"माहीत नाही," तो म्हणाला. "बसा, उघडून बघू."
कागदावर त्यानं लॅपटॉपची आकृती काढली,
निघेल तो स्क्रू आपापल्या जागी मांडत गेला.
पंख्यातून निघाला
मैद्याचा घट्ट गोळा.
ती हसली. तो नाही हसला.
तिनं पासवर्ड घातला तेवढा वेळ
तो भिंतीकडे बघत राहिला,
जिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं.
वीस लारी.

तरी तिचा विश्वास बसला तो रात्री,
फोन वाजला तेव्हा:
"बाई, एक स्क्रू उरलाय माझ्याकडे.
चूक माझीच.
उद्या भट्टी पेटायच्या आत
घेऊन येतो."