नव्व्याण्णव

शंभर नाही, हिल्वे. नव्व्याण्णव.
एंडेलनं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं,
टार्टूच्या त्या तळघरात, हातमोजेही न काढता.
सेकंदाला शंभरदा डोकावलीस
तर घड्याळाच्या पावलात तुझं पाऊल पडेल,
दर खेपेला तेच दार उघडं दिसेल
आणि तुला वाटेल, या घराला दुसरी खोलीच नाही.
एक कमी कर. जरा बेताल चाल.
म्हणजे लपूनछपून चाललेलंही कधीतरी सापडेल.

तेव्हापासून ती बेताल चालते आहे.
दिवसा नगरपालिकेच्या गरम पाण्याचे नळ:
कुठल्या रस्त्याखाली किती ऊब गळते, त्याच्या नोंदी.
रात्री स्वयंपाकघरात हे दुसऱ्या गळतीचं काम,
बिनपगारी,
राईच्या पावाचे कण कीबोर्डच्या फटीत,
खिडकीबाहेर एमायोगी अर्धी गोठलेली.

अवजार तसं साधं.
चालत्या प्रोग्रामला मधेच हटकायचं:
आत्ता कुठे आहेस?
तुला कोणी पाठवलं? आणि त्याला?
आणि त्याच्याही मागे कोण?
उत्तरं एकावर एक रचत जायची.
मग पडद्यावर एक नारिंगी वस्ती उभी राहते.
नवखे उंची बघतात.
रुंदी बघा, ती लिहिते, दर पंधरवड्याला कुणाला तरी.
उंच असणं हा गुन्हा नाही. कोण पाय पसरून बसलंय ते बघा.

एंडेल आता हिउमा बेटावर मधमाश्या पाळतो.
मागे ठेवून गेलाय अकरा हजार ओळी
आणि त्यांतल्या एकीवर शेरा:
‘हे हलवू नये. का, ते कुत्र्याला माहीत.’
कुत्रा जाऊन सहा वर्षं झाली.
तिनं हलवलं.
तीन दिवस काही नाही.
चौथ्या दिवशी पुंता अरेनासहून कुणी एक ओस्वाल्दो,
भरती-ओहोटीची गणितं करणारा, कळवतो:
बाई, माझ्या चित्रात सगळीकडे ‘अज्ञात’ आलंय.
तिनं ओळ होती तिथे ठेवली,
शेऱ्याखाली लिहिलं: ‘मीही हलवून पाहिलं.’

फेब्रुवारीत व्हाल्गाच्या केर्टूनं, वय एकोणीस,
चौदा ओळींची दुरुस्ती पाठवली. सोबत एक प्रश्न.
आपण नसताना प्रोग्राम बारा सेकंदांत संपतो.
आपण बघत असताना तेरा.
हा एक सेकंद आपण कुठे दाखवतो?

कुठेच नाही.
काखेत कळसा, आणि ही सतरा वर्षं
लोकांच्या गावांना वळसे घालत होती.
बाकी सगळी अवजारं म्हणतात, आमचा भार नगण्य.
झाकली मूठ. तीही झाकू शकली असती;
वजाबाकीची एक ओळ, आणि कुणाला कळलंही नसतं.
चहा दोनदा गार झाला.
पहाटे तिनं केर्टूच्या ओळी घेतल्या,
दोन शब्द सुधारले,
आणि तेव्हापासून प्रत्येक चित्राच्या तळाशी
एक राखाडी पट्टी असते.
पट्टीवर नाव: ‘आम्ही’.

कुरूप दिसते, काढा, असं चौघांनी लिहिलं.
एका मोठ्या कंपनीनं दुसरं अवजार घेतलं,
ज्याच्या चित्रात काही राखाडी नसतं.
ओस्वाल्दोनं विचारलं, ‘आम्ही’ म्हणजे किती जण?
दोन, तिनं उत्तर दिलं, आणि एक मधमाश्यांवाला.

मग बारीक करणं सुरू झालं.
प्रत्येक नाव पुन्हापुन्हा शोधत होतो, ते एकदाच शोधलं.
एक कुलूप होतं, ज्यासमोर सगळे धागे रांगेत ताटकळत;
केर्टूनं ते दारासकट काढलं.
पट्टी आठवरून पाचावर आली. एप्रिलमध्ये तीनवर.
तिच्या खाली जात नाही.
बघायचं म्हणजे निदान इतकी जागा अडवायचीच,
असं केर्टू म्हणते. हिल्वेला तसं वाटत नाही.
तिला दोन दिसतात.

एंडेलनं मधाची बरणी पाठवली.
बरणीला चिठ्ठी:
पट्टी पाहिली. कुत्र्याला आवडली असती.
आणि खाली, शाई बदलून:
ओळ चारशे बारा पुन्हा हलवून बघ.
आता कदाचित चालेल.