गाठी

शनिवारी अकराला, स्टेशनामागच्या बाजारात
चौघांनी भेटायचं हे ठरलेलं,
उशीर गोचानं करायचा, हेही.
बाद्रीची यादी गॅसबिलाच्या पाठीवर:
घेवडा, मडक्यातला, पुलापलीकडच्या तळघरात.
चीज लोणचेवालीच्या शेजारणीकडून
(लोणचेवालीला कळू न देता).
खिन्काली कुठे, यावर वाद आहे. बघू.

नेस्तानला जानेवारीतल्या तापापासून वास येत नाही.
खारट, आंबट, गोड, कडू
एवढे चार पाहुणे दारापर्यंत येतात,
आत कुणीच येत नाही.
तरी एकही शनिवार तिनं चुकवला नाही.
पहिल्याच घासाला म्हणाली,
"सांगा."

आम्हाला सांगता येईना.
वीस वर्षं या त्बिलिसीभर जिभेचे चोचले पुरवले
आणि तोंडातून निघालं काय, तर "छान."
"छान तर हवाही असते," नेस्तान म्हणाली, "नीट सांग."

मग त्सियाला, जी दिवसभर लोकांचे दात उपटते
आणि एरवी मोजकंच बोलते,
डोंगरातलं मसाल्याचं मीठ बोटावर घेऊन
बराच वेळ उभी राहिली.
"मामाच्या कोटाचा खिसा," म्हणाली,
"लसणाची पाकळी आणि वाळका झेंडू
हिवाळाभर त्यात एकत्र राहिलेत."
धुरावलेलं चीज:
शेकोटी विझवून झोपलो, त्याची सकाळ.
आंबट आलुबुखारची चटणी:
धाकट्या बहिणीनं आपलं गुपित फोडलं, तसं.
गोचा म्हणाला, "मला भूक लागलीय."
तेही तिनं लिहून घेतलं.

हळूहळू उलटंच होऊ लागलं.
भट्टीवाल्याकडून गरम पाव घ्यायची
आणि कानाशी नेऊन मोडायची.
"हा नको, हा कालच्या पिठाचा, ऐका."
आम्ही ऐकायचो. भट्टीवालाही वाकून ऐकायचा,
आणि ओशाळून दुसरा काढून द्यायचा.
द्राक्षाच्या रसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळा
ती बोटांनी दाबून निवडायची, म्हाताऱ्या विक्रेतीचा संताप संताप.
"हुंगून घे गं, माळ आहे ती, नाडी नव्हे!"
नेस्तान हसली. काही बोलली नाही.
त्या दिवशी तिनं पाच माळा घेतल्या.

ऑक्टोबरात नदीकाठी जत्रा भरली.
दोनशे तंबू, तीन बँड, वाइनचे पिंप,
रांगेत गोचाचं एका कर्नलशी वाजलं,
आणि नेस्तान दिसेना.
सापडली ती मांस भाजणाऱ्यांच्या वाऱ्याखाली,
धुरात उभी, डोळ्यांतून पाणी वाहतंय.
त्सियाला धावली.
"रडत नाहीये गं," ती म्हणाली, "डोळ्यांना कळतोय.
थांब ना जरा."
थांबलो. खोकत थांबलो.

संध्याकाळी खिन्काली, शेवटी बाद्रीच्या हट्टाची जागा.
चाळीस आल्या, वाफाळत्या.
एकेकीला एकोणीस मुरडी, वर पिठाची जाड गाठ.
गाठ धरायची, उलटं करायचं, भोक पाडून रस्सा ओढायचा,
मग बाकीची. गाठ कुणी खात नाही,
कच्चट असते, बशीच्या कडेला ठेवायची,
आणि कुणी किती रिचवल्या ते गाठी मोजून ठरवायचं.
"चौदा!" गोचा ओरडला.
बाद्रीच्या अकरा. त्सियालाच्या सात, माझ्याही सात.
नेस्तानच्या बशीत एकही नाही.
"तू खाल्लीच नाहीस?"
"एक खाल्ली," ती म्हणाली. "गाठीसकट.
गाठ कशी लागते, सांग बरं?"
"कशीच नाही. नुसतं पीठ."
"मलाही तश्शीच लागली," ती म्हणाली.

बाजूच्या टेबलावर कुणाच्या तरी लग्नाचं भाषण लांबलं होतं.
बाद्रीनं आपल्या बशीतली एक गाठ उचलली, तोंडात टाकली,
बराच वेळ चावत बसला.
मग त्सियालानं. मग मी.
गोचा कुरकुरला, "माझे चौदाचे तेरा होतील,"
आणि दोन खाल्ल्या.

वाढणारी पोरगी बशा उचलताना थबकली.
पुन्हा मोजल्या.
चाळीस दिल्या होत्या, म्हणाली, चौतीसच गाठी.