पाय कुठंयत?

माझा बाप अस्वलाची पावलं वाजवायचा.
साकीनाक्याला, एका गाळ्याच्या तळघरात.
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले,
पंखा बंद, कारण बर्फात पंखा नसतो.
पडद्यावर कुठल्यातरी देशाचं हरवलेलं पोर
आणि त्याच्या मागे मागे पिल्लू.
मूळ आवाज विकत घ्यायला शेठकडे पैसे नसायचे,
म्हणून बाप, घामाघूम, बनियनवर,
कॉर्नफ्लोरच्या पिशवीत मूठ दाबायचा,
एक, दोन, थांब, एक,
आणि पिल्लू चालायला लागायचं.

हत्ती म्हणजे उशी, आईच्या माहेरची.
सिंहिणीचं जेवण म्हणजे अर्धं कलिंगड, ओला पंचा.
लांडग्यानं हाड फोडलं की
माइकजवळ कोबीचा दांडा मोडायचा
आणि उरलेला कोबी संध्याकाळी घरी.
"आज कोणाचं हाड?" आई विचारायची, फोडणी देताना.

गोष्टी सगळ्या एकमेकींच्या मावसबहिणी.
आई नसलेलं पोर. कामात बुडालेला बाप.
एक मिशीवाला, बंदूक घेऊन.
आणि शेवटी नदी, नाहीतर कुंपण, नाहीतर झाडांची कड,
जिथं पोर म्हणतं, जा.
ते जात नाही.
मग पोर रडत रडत दगड मारतं,
जा म्हटलं ना, मला नकोयस तू!
तो दगड बाप स्वतःच्या मांडीवर मारायचा,
रुमालात बांधलेला बटाटा.
सात टेक झाले की मांडी निळी.

आम्ही राहायचो आरेत, तबेल्यांच्या मागं.
बिबट्या यायचा.
म्हणजे कुत्री कमी व्हायची, त्यावरून कळायचं.
मी नऊ वर्षांची, माझी सगळी तयारी झालेली.
नाव ठरलं होतं, चंद्या.
उशाशी ग्लुकोजची बिस्किटं.
मिशीवाला म्हणून वॉचमन तिवारीकाकांना नेमलेलं,
बिचाऱ्यांकडे नुसती शिट्टी.

तो आला तेव्हा सहामाही चालू होती, लाइट गेलेले.
मोरीमागच्या भिंतीवर, पिंपाशेजारी बसला होता
मांजरासारखाच,
फक्त संपत नव्हता.
बापानं माझा दंड धरला.
मी चंद्या म्हटलं नाही.
बिस्किट मुठीत मऊ होत गेलं.
त्यानं आमच्याकडं बघितलं,
आपल्या नंबरची नसलेल्या बसकडं बघावं तसं.
मग उडी, सरळ पत्र्यावर.
तो पत्रा, जो कावळा बसला तरी बोंबलायचा,
गप्प.

रात्रभर बाप ओट्यावर बसून
एक तळहात दुसऱ्यावर टेकवत होता, उचलत होता.
"हे वाजवायचं कसं गं?"

पुढच्या महिन्यात बिबट्याचाच सिनेमा आला.
बापानं चार पावलं रिकामी सोडली.
काचेमागून मस्करेन्हस ओरडला,
"हरेश्वर, झोपलास काय? पाय कुठंयत?"
"नसतात," बाप म्हणाला.
शेठ समजुतीनं बोलला,
"पोरं तिकीट काढतात रे. आला, हे त्यांना कळायला नको?"
मग चामड्याचा हातमोजा, बोटांना यू-पिना.
खट, खट, खट, खट.
त्या दिवशी भाजी आणली नाही.

परवा लेकाला घेऊन मुलुंडला गेले, मॉलमध्ये.
चष्मे घातले, वाघाचं पिल्लू नाकाशी आलं.
झाडांची कड आली.
दगड आला.
हॉलभर पोरं मुसमुसायला लागली,
मी मात्र मांडी चोळत बसलेली.
"आई, त्याला लागलं?" निहारनं विचारलं.
"बटाटा असतो तो."
हसला. आणि परत रडायला लागला, आधीपेक्षा मोठ्यानं.

घरी आलो तर बाप खिडकीशी.
डाव्या कानानं काहीच नाही, उजव्यानं थोडंफार.
"पावलं कशी होती?"
"खूप वाजत होती, बाबा."
त्यानं मान हलवली, तक्रार नसल्यासारखी.

रात्री निहार पॅसेजमधून
चार पायांवर निघाला,
मोजे घालून, श्वास धरून,
मुद्दाम डाव्या बाजूनं.
बापानं वळून बघितलं नाही.
नुसते पाय जवळ घेतले,
त्याला जायला वाट ठेवून.