मुठेल

पौषात दापोलीचा वारा उलटतो.
समुद्राकडचं ओलसर ओझं
कुणीतरी रात्रीतून उचलून नेतं,
आणि घाटाकडून उतरतं ते नुसतं कोरडं,
वाळल्या भातेणासारखं,
ओठाला लागलं की चीर पाडणारं.
नऊ अंश, म्हणाला दूधवाला.
जणू ते त्यानंच दुधासोबत आणले होते.

माझं दुकान कचेरीसमोर.
झेरॉक्स, लॅमिनेशन, फॉर्म भरून मिळतील.
या दिवसांत कागद एकमेकांना सोडत नाहीत,
एक ओढावा तर तीन येतात,
प्लास्टिक मनगटाला चिकटून लव उभी करतं,
आणि शटर,
शटरला मी आता थेट हात लावत नाही.
आधी किल्ली टेकवायची,
लोखंडाचं लोखंडाशी काय ते चट् होऊन जाऊ द्यायचं,
मग हात.
शेजारच्या मोबाइलवाल्या सर्फराजनं शिकवलं हे.
"आणि ताई, तो नायलॉनचा स्वेटर सोडा."
पहिल्या पगारातून भावानं आणलेला स्वेटर.
कसा सोडणार?
खुर्चीखाली ओलं पोतं टाकलं,
यंत्राशेजारी पाण्याची परात ठेवली.
मांजर येऊन त्यातलं पाणी पिते,
एकदा तिलाही नाकावर बसला झटका.
दुसऱ्या दिवशी परत आली.

द्वारकाबाई चोगले अकराच्या एस्टीनं आली,
पाजपंढरीहून, रेशनच्या केवायसीला.
डोक्यावर टोपली नव्हती
म्हणून ओळखायला वेळ लागला.
अंगठा ठेवला.
यंत्र म्हणालं, नाही.
पदराला पुसून ठेवला. नाही.
डावा. नाही. तर्जनी.
पुन्हा प्रयत्न करा.
"बर्फानं खाल्लाय गो," ती म्हणाली,
"बर्फ, मीठ, कोलंबीचं काटं.
आन वर ह्यो वारा.
ऱ्हायलंय काय तिथं वाचायला?"
भेगांत काळं बसलेलं,
खाडीच्या सुकल्या चिखलासारखी बोटं.

नीट धरून ठेवावा म्हणून
मी तिचा अंगठा पकडायला गेले
आणि चट्!
दोघींच्या मधोमध, निळी, मोहरीएवढी.
ती ओरडली.
मग हसली, इतकी
की पदराचा बोळा तोंडात धरावा लागला.
"मशीनला नाय,
तुला तरी कळलं मी हाय ती!"

कनवटीची पिशवी सोडली तिनं,
आत पिवळट पांढरा गोळा, दगडासारखा टणक.
मुठेल.
नणंदेकडच्या, आसूदच्या रातांब्यांचं.
बिया कांडायच्या, उकळायच्या,
वर येईल ते गार पाण्यात धरून
मुठीत दाबायचं.
"मीच वळलाय. दिव्यावर पातळ कर, टाचंत भर."
दुकानात दिवा कुठला?
लॅमिनेशनचं यंत्र तापलेलं होतं,
त्याच्या पाठीवर स्टीलची वाटी ठेवली,
कडेचा कीस टाकला.
मंद आंबूस वास पसरला,
रांगेतला एक जण म्हणाला, काय शिजतंय?
मग आम्ही दोघी
समोरासमोर, एकमेकींचे अंगठे चोळत,
आणि मागे रांग, बिचारी, सातबारे हातात धरून.

दहा मिनिटांनी तिनं अंगठा पुसला, ठेवला.
सर्व्हर गेला होता.

"उद्या येतंय," म्हणाली,
आणि गोळा टेबलावर ठेवूनच उठली.
"ऱ्हाऊ दे. तुझ्या टाचा बघितल्या मी."

रात्री मोरीशी बसून, पाय धुऊन,
टाचांना लावायला तो हातात घेतला
तेव्हा दिसलं:
चार बोटांच्या चार खाचा,
तळहाताची आडवी रेघ,
आणि वर, जिथं अंगठा रुतला होता तिथं,
बारीक, गोल, एकात एक,
मे महिन्यातल्या कुठल्या तरी दुपारी दाबलेलं
सगळं.
सुट्टीत बहुधा बरा होता तिचा हात.

मी सुरी फिरवून घेतली.
दुसऱ्या बाजूनं खरवडते आहे.